समर लीगमध्ये कॉलेज बेसबॉलची पोरं पारखायची कशी

उन्हाळ्यात बोस्टनच्या आसपास राहणारी आपली मंडळी केप कॉडला जातात ती बहुतेक बीचसाठी, आणि त्याच दिवसांत, जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, जवळपास रोज संध्याकाळी तिथल्या गावांच्या मैदानांवर अमेरिकेतल्या कॉलेजांची निवडक बेसबॉलची पोरं खेळत असतात. तिकीट नाही, देणगीचा डबा असतो त्यात जमेल तेवढे डॉलर टाकायचे, घडीची खुर्ची उघडून बसायचं. माझं म्हणणं एवढंच की नुसतं बघून येऊ नका, पारखायला शिका, कारण उद्याचे मेजर लीगवाले (म्हणजे सगळ्यात मोठ्या व्यावसायिक बेसबॉल लीगचे खेळाडू) इतक्या जवळून परत कधी दिसत नाहीत, होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे जाळीपाशी बसलं की बॉल कॅचरच्या (बॅटरमागे बसून बॉल झेलणाऱ्याच्या) ग्लोव्हवर आदळल्याचा आवाज छातीत जाणवतो.

पारखण्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं सगळं त्या धाग्यात बसेल. हिट पडला का आउट झाला हे स्कोअरबोर्ड सांगतोच, तुम्ही बघायचं ते पोरानं ते केलं कसं, आणि तसंच उद्या, परवा, अजून वेगवान पिचिंगसमोर (बॅटरकडे बॉल टाकण्यासमोर) त्याला करता येईल का. चांगला फटका शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या) हातात गेला तर तो तुमच्या वहीत चांगलाच फटका, आणि बॅटच्या टोकाला लागून गवतावर कुठेतरी पडलेला सिंगल (एका बेसचा हिट) वहीत सिंगल म्हणून लिहायचाच नाही.

केपची लीग म्हणजे दहा टीम. वेअरहॅम, बोर्न, फालमथ, कोटुइट, हायॅनिस एका बाजूला, यार्मथ-डेनिस, हार्विच, ब्रूस्टर, चॅटहॅम, ऑर्लीन्स दुसऱ्या बाजूला. पोरं गावातल्या लोकांच्या घरी राहतात, सकाळी काही जण लहान मुलांना कोचिंग देतात, संध्याकाळी मॅच. फ्रँक थॉमस १९८८ ला ऑर्लीन्सकडून खेळला, अॅरन जज २०१२ ला ब्रूस्टरकडून, ख्रिस सेल २००९ ला यार्मथ-डेनिसकडून, पीट अलोन्सो २०१५ ला बोर्नकडून. पुढे मेजर लीगमध्ये गाजलेल्यांची ही यादी फार मोठी आहे, थांबते.

पण स्काउट (टीमसाठी खेळाडू शोधणारे) इथे गर्दी का करतात याचं मोठं कारण लाकडी बॅट आहे. १९८५ पासून केपवर लाकडी बॅटच चालते. कॉलेज सीझनमध्ये पोरं मेटलची बॅट वापरतात, २०११ पासून नवीन नियम करून त्या बॅटांचा जोर बराच कमी केलाय, तरी मेटलच्या बॅटीत बॉल नीट लागायची जागा मोठी असते आणि आत आलेला बॉल हँडलजवळ लागला तरी इनफिल्डच्या (बेसजवळच्या फिल्डरांच्या) डोक्यावरून जाऊन पडतो. लाकडात ही माफी नाही, हँडलवर लागला की बॅट तुटते आणि बॉल पिचरकडे घरंगळत जातो. त्यामुळे पिचरलाही आतल्या बाजूला टाकायचं धाडस येतं आणि बॅटरचे हात खरंच किती लवकर येतात ते उघड पडतं. मुंबईत कांगा लीग पावसाळ्यात ओल्या विकेटवर खेळवतात, तिथे धावा थोड्या होतात पण कोणाचं तंत्र पक्कं आहे ते जाणकाराला लगेच कळतं, लाकडी बॅटचं अगदी तसंच आहे. म्हणून कॉलेजात भरपूर होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखे) मारलेला पोरगा इथे पहिले दोन आठवडे चाचपडताना दिसला तर लगेच फुली मारू नका, तो दोन आठवड्यांनंतर काय बदल करतो ते बघायला परत जा.

आता कोणाला बघायचं. चार वर्षांच्या कॉलेजचा खेळाडू तिसरं वर्ष संपलं की किंवा २१ वर्षांचा झाला की मेजर लीगच्या ड्राफ्टला (टीमनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक प्रक्रियेला) पात्र होतो, म्हणजे दुसरं वर्ष संपवून केपवर आलेली पोरं ही पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टची मुख्य फळी. जज २०१२ ला ब्रूस्टरला होता, २०१३ च्या ड्राफ्टमध्ये यांकीजनी त्याला ३२ व्या नंबरला घेतला. सेल २००९ ला इथे, २०१० ला व्हाइट सॉक्सनी १३ व्या नंबरला घेतला. रोस्टर (टीममधल्या खेळाडूंची यादी) हातात आलं की आधी प्रत्येकाचं कॉलेजचं वर्ष आणि वय लिहून ठेवा. १९ वर्षांचा पोरगा आणि २१ वर्षांचा पोरगा आज सारखे दिसले तर दोघं सारखे नाहीत, लहान्याला अजून वाढायला जागा आहे.

सीझनच्या सुरुवातीला एक घोळ असतो तो लक्षात ठेवा. चांगल्या कॉलेजांच्या टीम ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सीरिजमध्ये अडकलेल्या असतात, म्हणून केपवर पहिले काही दिवस तात्पुरत्या कराराची पोरं खेळतात आणि खरे ठरलेले खेळाडू आले की त्यातली बरीच घरी जातात. ही तात्पुरती पोरं अगदी मनापासून खेळतात, जागा टिकवायची असते ना, आणि त्यात कधीकधी एखादा असा निघतो की कोच त्याला सोडतच नाही. त्याच्याकडे जरूर बघा. मग जुलैत ड्राफ्ट होतो, २०२१ पासून तो जुलैत आणि २० राउंडचा आहे, त्यात नाव आलेली काही पोरं करार करून निघून जातात आणि रोस्टर परत हलतं. त्यामुळे शांतपणे बघायचं असेल तर जूनचा शेवटचा आठवडा ते ड्राफ्टच्या आधीपर्यंत, आणि मग जुलैचा शेवट, हे दोन तुकडे मला सगळ्यात आवडतात.

सामान फार लागत नाही. स्टॉपवॉच, वही, दोन पेनं, टोपी, संध्याकाळसाठी जाड शर्ट कारण समुद्राचं वारं सूर्य मावळला की बोचतं, आणि डास. घरून पोळी-भाजीचा डबा घेतला तर उत्तम, म्हणजे इनिंगच्या मध्ये रांगेत उभं राहायला नको. रडार गन (बॉलचा वेग मोजायचं यंत्र) महाग असते आणि सुरुवातीला ती नसलेलीच बरी, कारण गन हातात असली की माणूस आकडा बघतो आणि पोरगा बघायचा राहतो. मैदानं एकमेकांपासून जवळ आहेत, कोटुइटच्या लोवेल पार्कला दिवे नाहीत त्यामुळे तिथे मॅच लवकर सुरू होते, ती अर्धी बघून हायॅनिसला दुसरी गाठता येते. शुक्रवारी दुपारी केपला जाणाऱ्या सॅगमोर पुलावर ट्रॅफिक भयंकर असतो, लवकर निघा. चॅटहॅमला धुकं येऊन मॅच थांबते, कधी रद्दच होते, तर तिथे फक्त एकाच पिचरसाठी लांबून जाणार असाल तर दुसरा प्लॅन तयार ठेवा. ऑर्लीन्सच्या एल्ड्रेज पार्कला उतारावर लोक सकाळीच चादरी अंथरून जागा धरतात, तुम्हाला मात्र होम प्लेटच्या मागची जागा हवी.

मॅचच्या आधी पोचा. हे मी परत परत सांगेन. बॅटिंग प्रॅक्टिस बघितली नाही तर अर्धं गेलं, कारण मॅचमध्ये एका बॅटरला तुम्ही चार वेळा बघणार, त्यात एक वॉक (चार चुकीचे बॉल पडून फुकट मिळालेला बेस), एकदा पहिल्याच बॉलवर आउट, हातात काय राहिलं. प्रॅक्टिसमध्ये त्याचे पंचवीस-तीस स्विंग सलग दिसतात. पहिल्या फेरीत तो दुसऱ्या बाजूला बॉल ढकलतोय का, नंतरच्या फेरीत ताकद लावली की त्याचं डोकं हलतंय का, मागचा पाय निसटतोय का, बॉल सेंटरकडे उडतोय का सगळं ओढून एकाच बाजूला. आवाजाकडे पण कान द्या, लाकडी बॅटीवर नीट लागलेल्या बॉलचा आवाज वेगळाच असतो आणि थोडे दिवस बसलात की डोळे मिटून ओळखाल. प्रॅक्टिसमध्ये झाडांपलीकडे मारणारा मॅचमध्ये नुसते ग्राउंडर (जमिनीवरून जाणारे फटके) मारत असेल तर ताकद आहे पण मॅचमध्ये येत नाहीये, अशी नोंद करा, दोन्ही वेगळी लिहा.

मॅच सुरू झाली की सगळ्यांना बघायला जाऊ नका, दोन बॅटर आणि एक पिचर निवडा, पुष्कळ झाले. उजव्या हाताच्या बॅटरसाठी दोनेक इनिंग फर्स्ट बेसच्या बाजूला जाऊन बसा, तिथून त्याची छाती आणि हात समोर दिसतात, डावखुऱ्यासाठी थर्ड बेसच्या बाजूला. बॅटरमध्ये मी सगळ्यात जास्त बघते ते तो सोडून देतो ते बॉल. फटका मारणं सगळ्यांना दिसतं, पण स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा बॉल) स्ट्राइकसारखा (मारण्याजोग्या चौकटीत येणाऱ्यासारखा) निघाला आणि शेवटच्या क्षणी बाहेर वळला तेव्हा पोराचे हात कुठे थांबले, खांदा उघडला का, हे फार थोडे लोक बघतात आणि पुढच्या लेव्हलला नेमकं तेच लागतं. दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसऱ्याला आउट) तो स्विंग छोटा करतो का तसाच आंधळेपणानं फिरवतो. पहिल्यांदा ज्या बॉलवर फसला तोच बॉल तिसऱ्यांदा आल्यावर काय केलं. ही तिसरी वेळ फार महत्त्वाची, त्यासाठी तरी सातव्या इनिंगपर्यंत उठू नका.

ताकदीच्या बाबतीत घाई नको. जेफ बॅगवेल १९८७ आणि ८८ ला चॅटहॅमकडून खेळला, पुढे १९९० च्या मायनर लीग (मेजर लीगच्या खालच्या लीग) सीझनमध्ये त्याची अॅव्हरेज .३३३ (दर तीन संधींत साधारण एक हिट) होती पण होमरन फक्त ४, त्याच वर्षी रेड सॉक्सनी त्याला ह्यूस्टनला देऊन टाकला, आणि मग त्यानं मेजर लीगमध्ये ४४९ होमरन मारले आणि हॉल ऑफ फेममध्ये गेला. बॉल कडक लागतोय, गॅपमध्ये (आउटफिल्डरांच्या मधे) डबल (दोन बेसचे हिट) पडतायत, पोराला झोन (कुठला बॉल मारायचा, कुठला सोडायचा ती चौकट) कळतोय, तर होमरन मागून येऊ शकतात. उलट दिशेनं हे क्वचितच होतं, म्हणजे नुसती ताकद आहे आणि झोन कळत नाही, तर झोन शिकवणं फार अवघड.

आता घड्याळ. बॅटरनं बॉल मारल्याचा आवाज आला की सुरू, पाय फर्स्ट बेसला लागला की बंद. उजव्या हाताच्या बॅटरला ४.३ सेकंद म्हणजे मेजर लीगच्या मानानं सरासरी, डावखुरा बेसच्या जवळ उभा असतो म्हणून त्याला ४.२. साधारण दर एक दशांश सेकंदाला एक पायरी वर किंवा खाली. फक्त पोरगा जीव तोडून पळाला असेल तोच टाइम धरा, आणि बंट करून (बॅट नुसती टेकवून बॉल जवळच सोडून) आधीच पळत सुटला असेल तो धरू नका. कॅचरचा पॉप टाइम म्हणजे बॉल त्याच्या ग्लोव्हमध्ये आल्यापासून सेकंड बेसवरच्याच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंत, २.० ठीक, १.९ झाला की मान वर करून बघायचं. पिचरनं पाय हलवल्यापासून बॉल कॅचरकडे पोचेपर्यंत १.३ चांगला, १.५ म्हणजे पळणाऱ्याची चैन. हे दोन्ही एकत्र लावा, १.३ आणि २.० मिळून ३.३ झाले, आणि चांगला पळणारा लीड घेऊन (बेसपासून आधीच थोडं पुढे सरकून) सेकंडला पोचायला ३.३ ते ३.४ घेतो, म्हणजे बेसची चोरी (बॉल टाकला जात असताना पुढच्या बेसला पळणं) पकडायची तर पिचर आणि कॅचर दोघांनी मिळून पकडायची असते. बेस चोरला गेला की सगळे कॅचरला बोलतात, तुमचं घड्याळ सांगेल की दोष बऱ्याचदा पिचरचा होता.

पिचरसाठी मला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि तिथेच गंमत आहे. बुलपेनमध्ये (पिचर सराव करतात त्या जागी) वॉर्मअप करतोय तेव्हापासून बघा. आज मेजर लीगमध्ये फास्टबॉलची सरासरी ताशी ९४ मैलांच्या आसपास आहे, त्यामुळे सगळे आकड्याच्या मागे, पण गन नसली तरी बॅटर तुम्हाला सांगतो. उजव्या हाताचे बॅटर एकामागून एक फर्स्ट बेसच्या बाजूला फाउल (रेषेबाहेर जाणारे फटके) मारतायत म्हणजे उशीर होतोय, म्हणजे बॉल दिसतो त्यापेक्षा लवकर येतोय. उलट ९५ चा बॉल असूनही सगळे वेळेवर पोचतायत तर काहीतरी चुकतंय, एकतर बॉल सरळ आहे नाहीतर हातातून सुटताना फार आधी दिसतोय. चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला फसवा बॉल) बघताना हाताच्या वेगाकडे बघा, बॉल हळू आला पाहिजे आणि हात फास्टबॉलसारखाच आला पाहिजे, हात सावकाश झाला की मेजर लीगवाला लगेच ओळखेल. स्लायडर टाकताना हात खाली येतो का, फास्टबॉलची आणि त्याची सुटायची जागा एकच आहे का. आणि कॅचरचा ग्लोव्ह. कॅचरनं जिथे मागितला तिथे आला का त्याला झेपावं लागलं. स्ट्राइक पडला तरी कॅचर दीड फूट सरकला असेल तर तो कंट्रोल नाही, नशीब आहे.

एक गोष्ट पिचरच्या बाजूनं बोलायला हवी. ही पोरं फेब्रुवारीच्या मध्यापासून कॉलेजसाठी टाकतायत, केपवर येईपर्यंत खांदे थकलेले असतात, त्यांच्या कॉलेजचे कोच इनिंगवर बंधन घालून पाठवतात. त्यामुळे वसंतात दिसलेल्या वेगापेक्षा एक-दोन मैल कमी दिसले तर लगेच घसरण लिहू नका, पण पहिल्या आणि चौथ्या इनिंगमधला फरक लिहा, आणि बेसवर माणूस आला की वेग आणि कंट्रोल दोन्ही टिकतात का ते लिहा.

शरीरावरून मत बनवायची सवय सगळ्यांना असते. टिम लिन्सकम २००५ ला हार्विचला होता, बुटका, बारीक, आणि टाकायची पद्धत सगळं अंग पिळून, लोक म्हणायचे टिकणार नाही, जायंट्सनी २००६ ला १० व्या नंबरला घेतला आणि २००८, २००९ लागोपाठ दोन साय यंग (वर्षातल्या उत्तम पिचरचा पुरस्कार). सेलचं उलट, उंच, काटकुळा, हात बाजूनं येणारा, त्याच्या कोपराची काळजी होती आणि २०२० ला कोपराची शस्त्रक्रिया झालीसुद्धा, पण त्याआधीची दहा वर्षं कोणत्या टीमला नको असती, आणि २०२४ ला त्यानं साय यंगही मिळवला. म्हणजे जोखीम खरी असेल तर जरूर लिहा, पण जोखमीसाठी पोरगाच खोडून टाकू नका. हालचाल सुटी आहे का, रोज तशीच करता येते का, हे आधी बघा, उंची-वजन रोस्टरवर छापलेलंच असतं.

पोझिशनचं पण तसंच, आज जिथे उभा आहे तिथेच राहील असं नाही. बस्टर पोझी फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीला शॉर्टस्टॉप म्हणून आला आणि दुसऱ्या वर्षी कॅचर झाला. काइल श्वार्बर २०१२ ला वेअरहॅमला होता तेव्हा कॅचर, नंतर आउटफिल्ड आणि फक्त बॅटिंग. म्हणून फिल्डिंग बघताना एरर (फिल्डरच्या चुका) मोजू नका, बॉल बॅटवरून सुटल्यावर पहिलं पाऊल किती लवकर पडतं, हात मऊ आहेत का, घाईत फेकलेला थ्रो पण जिवंत आहे का, ते बघा.

मार्क द्यायची पद्धत २० ते ८० ची आहे, ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. बॅटिंग, ताकद, पळणं, फिल्डिंग, थ्रो, प्रत्येकाला दोन मार्क, आज किती आणि पुढे किती होऊ शकेल. नवीन माणूस सगळ्यांना ६० देत सुटतो. ५० म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या लीगमधला नेहमीचा खेळाडू, हे डोक्यात ठेवलं तर हात आपोआप आखडतो. कॉलेजच्या पोराला आजची बॅटिंग ३० आणि पुढची ५० लिहिणं हा मोठा मान आहे.

आकडे बघा पण शेवटी बघा, आणि ते पण स्ट्राइकआउट किती, वॉक किती एवढेच. केपचा सीझन चाळीसेक मॅचचा, त्यात एका पोराला शंभर-सव्वाशे अॅटबॅट (बॅटिंगच्या संधी) मिळाले तर मिळाले, त्यावरची अॅव्हरेज दोन आठवड्यांत कुठल्या कुठे जाते.

स्वभाव पण पारखायचा असतो, फक्त जपून. शून्यावर तीनदा आउट झालेला पोरगा चौथ्या ग्राउंडरवर कसा पळतो, एरर झाल्यावर पुढचा बॉल मागतो का लपतो, डगआउटमध्ये दुसऱ्याच्या हिटवर उभा राहतो का. एका संध्याकाळवरून कोणाला आळशी ठरवू नका, पोरं घरापासून लांब आहेत, रोज खेळतायत, कोणाचं काय दुखतंय आपल्याला माहीत नसतं. दुखापतीबद्दल, घरच्यांबद्दल कानावर आलेलं वहीत नको आणि ऑनलाइन तर मुळीच नको. स्काउट मंडळी गन धरून बसलेली असतात त्यांना मॅच चालू असताना प्रश्न विचारू नका, मॅच संपल्यावर पार्किंगमध्ये बरेच जण छान बोलतात.

रिपोर्ट त्याच रात्री लिहायचा, दुसऱ्या दिवशी सगळे पोरगे एकमेकांत मिसळतात. नमुना म्हणून असा, नाव न घेता: डावखुरा आउटफिल्डर, दुसरं वर्ष संपलं, फर्स्टला ४.१५, प्रॅक्टिसमध्ये ताकद दोन्ही बाजूंना, मॅचमध्ये फक्त ओढून, बाहेरचा स्लायडर पहिल्यांदा फसला, तिसऱ्यांदा सोडला, थ्रो जेमतेम म्हणून लेफ्ट फिल्ड, प्रश्न एकच, आतला वेगवान बॉल. बघा, सात-आठ ओळींत पोरगा उभा राहिला आणि पुढच्या वेळी काय तपासायचं ते पण ठरलं. तो प्रश्न नसेल तर रिपोर्ट अर्धवट आहे.

विस्कॉन्सिन, मिनेसोटाकडे राहणाऱ्यांनी केपला यायलाच पाहिजे असं नाही, तिकडे १९९४ पासून नॉर्थवुड्स लीग आहे, तीही लाकडी बॅटचीच, ७२ मॅच, लांबलांबचे बस प्रवास, पुढे मेजर लीगमध्ये गेलेला मॅक्स शर्झर ला क्रॉस गावाच्या टीमकडून तिथेच खेळला. तिथे पोरगा सातव्या आठवड्यात, बसमधून उतरून, थकलेल्या पायांनी कसा खेळतो ते बघायला मिळतं, ते केपवर एवढं दिसत नाही.

ऑगस्टमध्ये सीझन संपला की वही बंद करून ठेवू नका. फेब्रुवारीत कॉलेज सीझन सुरू झाला की प्रत्येक रिपोर्टमधला तो एक प्रश्न घेऊन पोरांच्या मॅच लावा, मेटलची बॅट परत हातात आलेली असेल तेव्हा होमरनना थोडं कमी वजन द्या आणि सोडलेल्या बॉलना जास्त, मार्क बदलले तर जुने खोडू नका, बाजूला तारीख टाकून नवे लिहा, आणि जुलैच्या ड्राफ्टला ती वही समोर उघडी ठेवून बसा.